निळा दिवा आणि सफाई कामगाराचे फडके

2020 साली कोविडची साथ देशभर पसरली आणि अतिनील किरणांच्या दिव्यांना एकाएकी बाजारपेठ लाभली. त्याच वर्षी संरक्षण संशोधन व विकास संघटनेनेही 43 वॅटच्या सहा दिव्यांचा एक मनोरा पुढे आणला. 12 फूट लांब-रुंद खोली त्याने सुमारे 10 मिनिटांत निर्जंतुक होते, असे जाहीर झाले. साथ ओसरली, पण यंत्र आले की माणसांची गरज संपली हा समज मात्र मागे राहिला. रुग्णालयाच्या खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्यांना तो सोयीचाच आहे.

या किरणांचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. सूर्यप्रकाश जिवाणूंची वाढ रोखतो, हे डाउन्स व ब्लंट या इंग्रज संशोधकांनी 1877 मध्येच दाखविले होते. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यातून निघणारा 254 नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण जंतूंच्या जनुकद्रव्यावरच आघात करतो. परंतु तो सरळ रेषेत जातो. खाटेच्या मागे, टेबलाखाली, गादीच्या घडीत, जेथे सावली तेथे तो पांगळा. रक्ताचा वाळलेला थर असला तर त्याखालचे जंतू सुखरूप राहतात. दिवा जुना झाला की त्याची मारकशक्ती घटते, निळसर उजेड मात्र दिसतच राहतो. आणि त्या उजेडावर विसंबणाऱ्या अधिकाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही.

अमेरिकेतील नऊ रुग्णालयांत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. बाधित रुग्ण गेल्यानंतर त्याच खोलीत आलेल्या 21 हजारांहून अधिक रुग्णांचा त्यात विचार होता. नेहमीच्या जंतुनाशकाने सफाई करून वर हा दिवा लावला, तेव्हा औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची लागण सुमारे 30 टक्क्यांनी घटली. ‘सी. डिफिसिल’ या चिवट जंतूसाठी मात्र खोली ब्लीचने पुसलेली असताना दिव्याने काहीच अधिक साधले नाही. प्रत्येक ठिकाणी आधी फडके फिरले होते, हे विक्रेत्यांच्या पत्रकात सापडणार नाही.

शिवाय तेथे एका रुग्णाची एक खोली होती. तो घरी गेला की ती रिकामी होई. हा दिवा माणसाचे डोळे व कातडी भाजतो, म्हणून तो रिकाम्या खोलीतच लावावा लागतो. आपल्या सरकारी रुग्णालयांतील सामान्य वॉर्ड कधी रिकामा असतो? खाटेला खाट भिडलेली, दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर तिसरा रुग्ण, उशाशी नातेवाईक. तेथील जंतूंशी रोजची लढाई लढतो तो सफाई कामगार, आणि त्यालाच कंत्राटदाराच्या हवाली करण्यात आले आहे. पगार वेळेवर नाही, हातमोजे पुरेसे नाहीत, जंतुनाशकात किती पाणी मिसळावे याचे शिक्षण नाही. यंत्रासाठी निविदा मात्र निघते.

शस्त्रक्रियागृह काम संपल्यावर रिकामे असते. तेथे पुसून झाल्यानंतर हा दिवा अवश्य लावावा, त्याची तीव्रता वेळोवेळी मोजावी व तो हाताळणाऱ्या कामगाराला संरक्षण द्यावे. परंतु अशा प्रत्येक खरेदीपूर्वी त्या रुग्णालयात सफाई कामगारांची मंजूर पदे किती, भरलेली किती व कंत्राटी किती, हे जाहीर करण्याची सक्ती व्यवस्थापनावर झाली पाहिजे आणि रिक्त पदे कायमस्वरूपी भरली गेली पाहिजेत. कामगार संघटनांनी ही मागणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या दारात नेणे आवश्यक आहे.