अख्खी असेंब्ली!

पूर्वी वस्तूंचा एखादा भाग बिघडत असे. हल्ली थेट ‘असेंब्ली’ जाते. मिक्सरची जाते, पंख्याची जाते, आणि आता आमच्या वीस वर्षांच्या म्हाताऱ्या गाडीचीही गेली म्हणे! सिग्नलला उभी राहिली की ती धापा टाकी आणि निघताना हिसके देई. सर्व्हिस सेंटरमधल्या टायवाल्या तरुणाने तिला संगणक जोडला आणि शोकसंदेश वाचावा तशा आवाजात सांगितलं, “थ्रॉटल पोझिशन सेन्सर गेलाय. अख्खी थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल.”

म्हणजे कडी तुटली म्हणून वाडा पाडायचा!

बरं, हा सेन्सर कोणी अवतारी पुरुष नव्हे. जुन्या रेडिओचा आवाज वाढवायला आपण जो कान पिळत असू, त्याचाच हा चुलतभाऊ. ॲक्सिलरेटर दाबला की हवेची झडप उघडते. ती किती उघडली याची चुगली इंजिनाच्या संगणकाकडे करायची, एवढीच याची नोकरी. तारा तीन, वीज 5 व्होल्ट. झडप मिटलेली असली की साधारण अर्धा व्होल्ट सांगायचा, सताड उघडली की साडेचारच्या आसपास. आत कार्बनच्या पट्टीवर एक काटा घासत फिरतो. शहरातल्या गर्दीत झडप पुरती उघडतेच कधी? म्हणून पट्टी सुरुवातीलाच झिजते, आणि तिथे आला की काटा खोटी साक्ष देतो. रेडिओ नाही का ठरावीक जागी खरखरत?

कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी मल्टिमीटर लावून झडप हळूहळू उघडली. चढता आकडा एका जागी दचकला. “हा बघा चोर!” दोन स्क्रू काढले, नवा सेन्सर बसवला, मिटल्या झडपेचा व्होल्टेज जुळवला आणि स्क्रू आवळले.

नव्या गाड्यांत झडप मोटरने फिरते, आणि पुष्कळदा सेन्सर तिच्या पोटातच शिवलेला असतो, हे मान्य. तिथे इलाज नाही. पण आमच्या गाडीला साधी केबल आहे हो! दोन स्क्रू डोळ्यांना दिसत असताना असेंब्ली कशाला?

सरकारने डिसेंबर 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. त्यात मोटारीही आल्या. छान झालं. पण पोर्टल काही स्क्रू फिरवत नाही. त्याला हात लागतो, आणि असेंब्लीच्या या धंद्यात पहिला निकामी होतो तो हातच. त्या टायवाल्या पोराला बदलायला शिकवलं. दुरुस्त करायला कोणी शिकवलं?

हल्ली माझे गुडघेही कुरकुरतात. त्यामुळे या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहणं मला परवडण्यासारखं नाही.