व्यवस्थापनाची पदविका : नाव एक, वाटा वेगळ्या

म्हसावद हे शहाद्याहून तोरणमाळकडे जाणाऱ्या वाटेवरील गाव. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांची ही जवळची बाजारपेठ. कापूस, केळी, पपई आणि ऊस यांच्या हंगामाप्रमाणे येथील दुकानांची उधारी वाढते आणि फिटते. अशा गावात दोन-तीन पिढ्यांपासून किराणा किंवा बी-बियाणांचे दुकान चालविणारे एखादे जैन कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. थोरला मुलगा शहाद्यात वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. धाकटी मुलगी बारावीला आहे. दोघांनाही व्यवस्थापन शिकायचे आहे. वडिलांच्या हाती दोन माहितीपत्रके आहेत आणि दोन्हींवर ‘डिप्लोमा इन मॅनेजमेंट’ हे शब्द ठळक अक्षरांत छापलेले आहेत. एकाचे शुल्क काही हजार, दुसऱ्याचे काही लाख. एकाला बारावी पुरते, दुसऱ्याला पदवी लागते.

घरात मग चर्चा सुरू होते. मुलगा दोन वर्षे बाहेर गेला, तर दुकान कोण पाहणार? मुलीला दोन वर्षांची पदविका पुरेशी नाही का? आणि शेवटी डिप्लोमाच घ्यायचा, तर एवढा खर्च कशासाठी? या तिन्ही प्रश्नांमागे ‘पदविका’ या शब्दाविषयीचा एक समज आहे. तो आधी तपासून पाहिला पाहिजे.

पदविका म्हणजे कनिष्ठ का?

पदविका ही पदवीच्या खालची पायरी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तंत्रनिकेतनातील पदविकेमुळे हा समज रूढ झाला. व्यवस्थापन शिक्षणाचा इतिहास मात्र निराळा आहे. १९६१ मध्ये कलकत्ता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, स्थापन झाल्या. अहमदाबादच्या संस्थेच्या उभारणीत डॉ. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई या जैन घराण्यांतील दोन कर्त्या पुरुषांचा मोठा वाटा होता, आणि तिला अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलचे सहकार्य लाभले होते. परंतु या संस्था विद्यापीठे नव्हत्या. त्यांना पदवी देण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता. त्यामुळे तेथील दोन वर्षांचे शिक्षण पूर्ण करणाऱ्याच्या हाती पदव्युत्तर पदविकाच पडत असे. २०१७ चा आयआयएम कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून अमलात आला, तेव्हा कुठे या संस्थांना पदवी देता येऊ लागली. याउलट १९६५ मध्ये मुंबईत सुरू झालेली जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था मुंबई विद्यापीठाचीच असल्यामुळे ती पदवी देऊ शकत होती.

तात्पर्य, पदव्युत्तर पातळीवर पदवी आणि पदविका यांतील भेद प्रथमतः दर्जाचा नसून ती देणाऱ्या संस्थेच्या अधिकाराचा आहे. मात्र ही गोष्ट पदवीनंतरच्या पदविकेपुरतीच खरी आहे. बारावीनंतरची पदविका ही पदवीच्या वाटेवरील एक टप्पा आहे. एकाच छताखालील भाऊ-बहिणीच्या हाती पडलेल्या त्या दोन माहितीपत्रकांत नेमका हाच फरक आहे.

बारावीनंतर

बारावीनंतर व्यवस्थापनाकडे जाणारा सरळ मार्ग म्हणजे बीबीए किंवा बीएमएस ही पदवी. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, सुरू झाली. येथेच ग्रामीण भागातील अनेक घरांची फसगत होते. पूर्वी बारावीचा निकाल लागल्यावर महाविद्यालयात जाऊन अर्ज भरला की काम होत असे. आता परीक्षेची नोंदणी निकालाच्या पुष्कळ आधी होते. जूनमध्ये चौकशी करणाऱ्याला वर्ष वाया जाण्याची भीती असते. पहिल्या वर्षी अनेक जागा रिकाम्या राहिल्यामुळे ही परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. परंतु अशा दुसऱ्या संधीवर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. मुलगी बारावीत असतानाच, हिवाळ्यापासून, सीईटी कक्षाच्या सूचनांवर लक्ष ठेवावे.

दुसरा मार्ग बी.कॉम.चा. शहाद्यात पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेचे शिक्षण घेता येते. त्याबरोबर दुसरा अभ्यासक्रमही करता येतो, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रम पूर्ण करण्यास अनुमती दिली आहे. एक प्रत्यक्ष महाविद्यालयात आणि दुसरा मुक्त विद्यापीठातून, अशी जोडणी घराजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्यास सोयीची ठरते.

आता दोन वर्षांच्या पदविकेविषयी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमातून मधल्या टप्प्यांवर बाहेर पडता येते. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी, अशी ही रचना आहे. आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पदविकेसाठी दोन वर्षांत किमान ८० श्रेयांक मिळवावे लागतात आणि त्याशिवाय उन्हाळी सुटीत ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते. मात्र प्रवेशापासून एकूण सात वर्षांत पदवी पुरी झाली पाहिजे.

ही सवलत कोणासाठी आहे, हे पालकांनी समजून घेतले पाहिजे. घरातील आजारपण, आर्थिक ओढाताण, अकस्मात आलेली जबाबदारी यांमुळे ज्याला थांबावे लागते, त्याचे कष्ट वाया जाऊ नयेत, हा तिचा हेतू आहे. मुलीला आरंभापासूनच ‘दोन वर्षे पुरेत’ असे सांगण्यासाठी ती नाही. केवळ पदविकेवर स्पर्धा परीक्षा, एमबीए, बँकांतील अधिकारीपदे यांचे दार उघडत नाही. तेथे पदवीच लागते. चांगले स्थळ आले म्हणून तिसरे वर्ष सोडणाऱ्या मुलीला परतण्यासाठी कागदोपत्री तीन वर्षे मिळतात. प्रत्यक्षात नव्या घरात, नव्या गावी ती तीन वर्षे किती लवकर सरतात, हे प्रत्येक घरातील थोरल्या स्त्रियांना ठाऊक असते. एका वर्षाच्या अंतरावर उभी असलेली पदवी सोडण्यापूर्वी घराने दोनदा विचार करावा.

पदवीनंतर

थोरल्या मुलापुढील पर्याय अधिक आहेत. पहिला पर्याय विद्यापीठाच्या एमबीए किंवा एमएमएस पदवीचा. त्याचा प्रवेश राज्य सीईटी आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून होतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी असलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातही हे शिक्षण मिळते.

दुसरा पर्याय म्हणजे पीजीडीएम, अर्थात स्वायत्त संस्थेची दोन वर्षांची पूर्णवेळ पदव्युत्तर पदविका. या संस्था अभ्यासक्रम स्वतः ठरवतात, त्यामुळे बाजारातील बदल तेथे लवकर पोहोचतात. दोष हा की, शुल्कात आणि गुणवत्तेत जमीन-अस्मानाचे अंतर असते. येथे तीन गोष्टी पाहाव्यात. अभ्यासक्रमाला एआयसीटीईची चालू वर्षाची मान्यता आहे का? भारतीय विद्यापीठ संघाने ही पदविका एमबीएशी समकक्ष मानली आहे का? पुढे पीएच.डी. किंवा प्राध्यापकी करायची असेल, तर या समकक्षतेवाचून अडते. आणि तिसरी गोष्ट, संस्थेच्या माहितीपत्रकात दिसणारा सर्वांत मोठा पगार बाजूला ठेवून गेल्या वर्षीच्या वर्गातील मधल्या विद्यार्थ्याला कोठे आणि किती वेतनावर काम मिळाले, ते विचारावे. प्रामाणिक संस्था या प्रश्नाचे उत्तर टाळत नाही.

तिसरा पर्याय खानदेशातील व्यापारी कुटुंबांना विशेष उपयोगी, पण दुर्लक्षित आहे. पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था कृषी-व्यवसाय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका दीर्घकाळ देत आली आहे. बियाणे, खते, शेतमालाची खरेदी, शीतगृह, प्रक्रिया आणि निर्यात हा तिचा विषय. ज्या घराचा व्यवहार केळी, पपई आणि कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांशी आहे, त्या घरातील मुलाला हा अभ्यास परका वाटणार नाही.

दुकान न सोडता

प्रत्येकाला पुणे-मुंबई गाठता येत नाही. वडिलांची प्रकृती, एकट्याच्या खांद्यावरचे दुकान ही खरी कारणे असतात. अशा पदवीधरासाठी सहकार खात्याची सहकार आणि लेखा पदविका, जी ‘जीडीसी अँड ए’ या नावाने ओळखली जाते, हा एक जुना आणि विश्वासार्ह मार्ग आहे. घरी अभ्यास करून ही शासकीय परीक्षा देता येते. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेत येण्यासाठी, विहित अनुभवासह, ती उपयोगी पडते. पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने आणि विकास सोसायट्या यांनी भरलेल्या या प्रदेशात तिचे मोल कमी नाही.

१९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ दूरस्थ शिक्षण देत आहेत. अशा कोणत्याही अभ्यासक्रमात पैसे भरण्यापूर्वी त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला त्या विशिष्ट वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाची मान्यता आहे, याची खात्री आयोगाच्या संकेतस्थळावर करून घ्यावी. संस्थेचे नाव मोठे असणे आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान्यता नसलेल्या पदविकेत पैसा जातो तो जातोच, पण गेलेले वर्ष परत मिळत नाही.

खर्चाची तरतूद

शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना ती लागू आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. गावातील अनेक लहान दुकानदार या मर्यादेत बसतात. परंतु प्रमाणपत्र वेळेवर काढले नाही, तर हक्काची सवलत हातची जाते. मुलीच्या शिक्षणाचा खर्च परवडत नाही असे म्हणण्यापूर्वी तहसील कार्यालयाची एक फेरी अवश्य करावी.

जैन समाजाला जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यामुळे जैन अल्पसंख्याक म्हणून मान्यता असलेल्या महाविद्यालयांत समाजातील विद्यार्थ्यांसाठी जागा राखीव असतात. निवासाचा प्रश्नही समाजाने फार पूर्वी ओळखला होता. आचार्य विजयवल्लभसूरीजींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले, ते बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना राहून उच्च शिक्षण घेता यावे यासाठीच.

शिकून परतणे

शिकलेला मुलगा दुकानात बसेल का, ही वडिलांची धास्ती खोटी नाही. तिचे उत्तर खानदेशानेच दिलेले आहे. वाकोदचे भवरलालजी जैन मुंबईत वाणिज्य आणि कायदा शिकले. शासकीय अधिकाऱ्याची नोकरी त्यांना मिळत होती. ती न घेता ते जळगावला परतले आणि १९६३ मध्ये घरच्या ७,००० रुपयांच्या पुंजीवर त्यांनी रॉकेलची विक्री सुरू केली. ठिबक सिंचनाचा पुढचा व्याप त्याच वाटेवर उभा राहिला. त्यांच्यापाशी व्यवस्थापनाची पदविका नव्हती, हे खरे. पण बाहेर घेतलेले शिक्षण गावच्या शेतीशी आणि व्यापाराशी जोडता येते, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले. परतण्यासाठी मुलाला घरी काहीतरी नवे करण्याची मोकळीक मात्र हवी. नुसता गल्ला सांभाळायला कोणी पदव्युत्तर शिक्षण घेऊन परतत नाही.

म्हसावदच्या त्या घरातील चर्चा एका रात्रीत संपणार नाही, आणि संपूही नये. पण निर्णयापूर्वी वडिलांनी दोन्ही माहितीपत्रके समोर ठेवून चार गोष्टी वहीत लिहाव्यात : ही पदविका कोण देते, तिला मान्यता कोणाची, तिच्यानंतर कोणते शिक्षण घेता येते, आणि मध्येच थांबावे लागले तर हाती काय राहते. खतावणीत प्रत्येक खात्याला स्वतंत्र पान असते, तसेच येथेही मुलाचे पान वेगळे आणि मुलीचे पान वेगळे ठेवावे. आणि दोन्ही पानांवर प्रश्न मात्र तेच असावेत.