पैशाच्या थैलीनं सामना जिंकता येतो का?



मधल्या सुट्टीत तुम्ही भिडू वाटून घेता, तेव्हा दोन कप्तान आळीपाळीनं एकेक नाव घेतात. एक तुला, एक मला. आता अशी कल्पना करा, की एका कप्तानाच्या खिशात गोळ्यांची मोठ्ठी पुडी आहे. तो म्हणतो, "माझ्याकडे येईल त्याला दहा गोळ्या!" दुसऱ्या बिचाऱ्याकडे दोनच गोळ्या आहेत. मग काय होईल? चपळ भिडू सगळे एकीकडे, आणि उरलेसुरले दुसरीकडे! तुम्ही लगेच ओरडाल, "बाई, ही चीटिंग आहे!"

थांबा, इतक्यात निकाल देऊ नका. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. तिथं हाच वाद गेली पन्नास वर्षं चाललाय. श्रीमंत संघांनी मोठमोठ्या खेळाडूंवर पाण्यासारखा पैसा ओतावा की नाही? आज आपण दोन्ही बाजू नीट ऐकून घेऊ आणि मगच बोलू.

आधी खेळाची तोंडओळख. बेसबॉलमध्ये एका संघाचे नऊ खेळाडू मैदानात असतात. पिचर चेंडू फेकतो, समोरचा फलंदाज तो टोलवतो आणि चार ठाणी पार करून धाव काढतो. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. हो, एकशे बासष्ट! शेवटी जी अजिंक्यपदाची लढत होते, तिला 'वर्ल्ड सीरिज' म्हणतात.

आता एक गंमत बघा. पूर्वी या खेळाडूंना आपला संघ निवडायची मुभाच नव्हती. एकदा एका संघाशी करार केला, की मालक म्हणेल तीच पूर्व दिशा. मालकानं ठेवलं तर राहायचं, दुसऱ्या संघाला देऊन टाकलं तर मुकाट्यानं जायचं. सेंट लुइसच्या संघात कर्ट फ्लड नावाचा एक उत्तम क्षेत्ररक्षक होता. १२ वर्षं तो तिथं खेळला. १९६९ साली त्याला न विचारताच संघानं त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. फ्लड म्हणाला, मी काही खरेदी-विक्रीची वस्तू नाही. त्यानं बेसबॉलच्या आयुक्तांना तसं पत्र लिहिलं आणि पुढं कोर्टात गेला. १९७० चा अख्खा हंगाम तो खेळला नाही. १९७२ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल त्याच्या विरुद्ध दिला. तोवर त्याची खेळातली कारकीर्दही संपली होती.

पण त्याची लढाई वाया गेली नाही बरं का! १९७५ च्या डिसेंबरात दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवादानं खेळाडूंच्या बाजूनं निकाल दिला. त्यातून नवा नियम आला. मोठ्या स्पर्धेत सहा वर्षं पूर्ण झाली आणि करार संपला, की खेळाडू मोकळा. तो हव्या त्या संघाशी बोलणी करू शकतो. अशा खेळाडूला 'फ्री एजंट' म्हणतात. १९७६ साली तिथल्या खेळाडूचा सरासरी वार्षिक पगार सुमारे ५१ हजार डॉलर होता. २०२५ साली तो ५० लाख डॉलरच्या वर गेला.

म्हणून मुलांनो, "इतके पैसे कशाला द्यायचे?" असं म्हणताना फ्लडची आठवण ठेवा. मैदानात घाम कोण गाळतं? लोक तिकीट काढून, टीव्ही लावून कोणाला बघतात? मालकाला नव्हे, खेळाडूला! लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाला नुसत्या टीव्हीवरच्या प्रक्षेपणासाठी २५ वर्षांचे मिळून ८०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणारा करार २०१३ साली झाला. संघाकडे एवढा पैसा येत असेल, तर त्यातला मोठा वाटा खेळाडूला मिळणं गैर नाही. ही झाली एक बाजू.

आता दुसरी बाजू. पिट्सबर्ग हे पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. तिथल्या पायरेट्स संघाकडे बॅरी बाँड्स नावाचा जबरदस्त खेळाडू होता. १९९२ साली त्याचा करार संपला आणि तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. सहा वर्षांचे ४ कोटी ३७ लाख डॉलर त्याला मिळाले. पिट्सबर्गला तेवढं देणं झेपण्यासारखं नव्हतं. पुढं काय झालं असेल? १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग २० हंगाम पायरेट्सनं जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त! म्हणजे १९९२ साली तिथं जन्मलेलं बाळ वीस वर्षांचं झालं, तरी त्यानं आपल्या गावच्या संघाचा एकही चांगला हंगाम पाहिला नव्हता. एक खेळाडू गेला म्हणूनच हे सगळं झालं असं नाही, संघाच्या कारभारातही चुका झाल्या. पण लहान गावातल्या मुलाला "आपला हिरो मोठा झाला, की तो आपल्याकडून जाणारच" असं वाटत राहणं, हे दुःख खरंच आहे.

मग थैली मोकळी सोडणारे संघ नेहमी जिंकतात का? इथं मात्र कथेला वळण मिळतं.

टेक्सास रेंजर्स या संघानं २००० सालच्या डिसेंबरात ॲलेक्स रॉड्रिगेझला घेतलं. दहा वर्षांचे २५ कोटी २० लाख डॉलर! सारं जग तोंडात बोट घालून बघत राहिलं. आणि तो खेळलाही झकास. तीन हंगामांत त्यानं ५२, ५७ आणि ४७ होमरन मारले. पण त्याचा संघ? चार संघांच्या गटात तिन्ही वर्षं शेवटचा!

असं का व्हावं? उत्तर खेळाच्या नियमातच दडलंय. क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज टिकला, तर दिवसभर खेळून सामना एकट्याच्या बळावर फिरवू शकतो. बेसबॉलमध्ये तसं चालत नाही. नऊ फलंदाज क्रमानं येतात आणि कितीही मोठा खेळाडू असो, आपली पाळी येईपर्यंत त्याला बाकावर बसावंच लागतं. एका सामन्यात त्याच्या वाट्याला चार-पाच पाळ्या येतात. सुरुवात करणारा पिचर तर साधारण पाच-सहा दिवसांतून एकदाच फेकतो. हिशेब करणारे लोक सांगतात, की एखादा पहिल्या दर्जाचा खेळाडू ऐनवेळी आणलेल्या साध्या खेळाडूपेक्षा संघाला वर्षाकाठी सात-आठ विजय जास्त मिळवून देतो. १६२ सामन्यांत सात-आठ! कमी नाहीत, पण बाकीचे आठ जण कच्चे असतील तर ते कुठं पुरणार? आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरं कारण वयाचं. सहा वर्षं खेळून खेळाडू मोकळा होतो, तेव्हा तो बहुधा तिशीच्या आसपास असतो. म्हणजे संघ जे पैसे मोजतो, ते बऱ्याचदा त्यानं आधी गाजवलेल्या पराक्रमाचे असतात. अल्बर्ट पुहोल्सचं उदाहरण घ्या. २०११ च्या डिसेंबरात एंजल्स संघानं त्याला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर देऊ केले. तेव्हा तो बत्तिशीला टेकला होता. त्याच्या काळात एंजल्स अंतिम टप्प्याच्या स्पर्धेत एकदाच, २०१४ साली पोचले, आणि तिथंही एकसुद्धा सामना जिंकले नाहीत. २०२१ साली करार संपायच्या आतच संघानं त्याला निरोप दिला. ताजं उदाहरण हुआन सोटोचं. २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क मेट्सनं त्याच्याशी १५ वर्षांचा ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. २०२५ साली त्यानं ४३ होमरन मारले, तरी मेट्स अंतिम टप्प्यात पोचलेच नाहीत.

याउलट ओकलंडच्या संघाची गोष्ट ऐका. २००१ च्या हंगामानंतर त्यांचा सर्वांत मोठा फलंदाज जेसन जिआंबी श्रीमंत यांकीज संघात गेला. ओकलंडचे व्यवस्थापक बिली बीन यांच्याकडे पगारासाठी उणेपुरे ४ कोटी डॉलर, तर यांकीजकडे जवळपास साडेबारा कोटी. बीन रडत बसले नाहीत. त्यांनी आकडेमोड केली. देखणा फटका कोण मारतो हे बघण्यापेक्षा, काहीही करून पहिल्या ठाण्यावर कोण जास्त वेळा पोचतो, हे त्यांनी मोजलं. असे खेळाडू तेव्हा स्वस्तात मिळत होते, कारण इतर संघांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. २००२ साली ओकलंडनं लागोपाठ २० सामने जिंकले. हंगामाअखेर यांकीजचे विजय होते १०३ आणि ओकलंडचेही १०३! पाहिलंत, गणित कुठं उपयोगी पडतं ते?

पण मुलांनो, नाण्याला आणखी एक बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. त्या वर्षी ओकलंड पुढच्या टप्प्यात पहिल्याच फेरीत हरलं. यांकीजही हरले म्हणा, पण त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला पैसा होता. २००९ च्या हंगामाआधी त्यांनी तीन खेळाडूंवर मिळून ४२ कोटी ३५ लाख डॉलर लावले आणि त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज जिंकली. मात्र त्या संघाचा कणा होते डेरेक जीटर, मारियानो रिव्हेरा यांच्यासारखे यांकीजनं स्वतः लहानाचे मोठे केलेले खेळाडू. पाया घरचा होता, विकत घेतला तो कळस. आणि त्यानंतर २०२५ पर्यंत त्याच श्रीमंत यांकीजना एकदाही अजिंक्यपद मिळालं नाही.

आता डॉजर्सकडे या. २०२३ च्या डिसेंबरात त्यांनी जपानच्या शोहेई ओहतानीशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. ओहतानी फलंदाजही आहे आणि पिचरही! त्यातले ६८ कोटी डॉलर तो २०३४ ते २०४३ या वर्षांत घेणार आहे, तेही बिनव्याजी. खेळत असताना वर्षाला फक्त २० लाख डॉलर. का? तर संघाकडे आणखी चांगले खेळाडू घ्यायला पैसा उरावा म्हणून. डॉजर्सनं २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सीरिज जिंकली.

२०२५ चा शेवटचा, सातवा सामना तर श्वास रोखायला लावणारा होता. टोरंटोचा संघ ४-३ असा पुढं होता. डाव संपायला दोनच गडी बाकी. तेव्हा बरोबरीचा होमरन कोणी मारला? ओहतानीनं नव्हे! मिगेल रोहास या ३६ वर्षांच्या, वर्षाला ५० लाख डॉलर घेणाऱ्या खेळाडूनं. अकराव्या डावात विजयाचा होमरन मारला विल स्मिथनं, ज्याला डॉजर्सनं २०१६ साली कोवळ्या वयात निवडून तयार केलं होतं. आणि शेवटी टोरंटोला रोखून धरलं योशिनोबू यामामोतोनं. त्याचा करार ३२ कोटी ५० लाख डॉलरचा, आणि आदल्याच दिवशी तो फेकून दमलेला! महागडा, स्वस्त आणि घरचा, तिघांनी मिळून सामना जिंकला.

आपल्याकडच्या आयपीएलमध्ये खर्चाला मर्यादा असते. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांचीच मुभा होती. लखनौनं त्यातले २७ कोटी ऋषभ पंतवर लावले, तरी तो संघ अंतिम चारांत आला नाही. पण तिथं एक फरक आहे. लिलावात खेळाडूला स्वतःचा संघ निवडता येत नाही. बेसबॉलचा फ्री एजंट निवडू शकतो. त्या खेळात खर्चाला कडक मर्यादा नाही. मात्र ठरावीक रकमेवर गेलेल्या संघाला दंडासारखा कर भरावा लागतो. २०२४ साली डॉजर्सनं असा १० कोटी ३० लाख डॉलर कर भरला. शिवाय सगळे संघ आपल्या स्थानिक उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग एकत्र करून सारखा वाटून घेतात. त्यातून लहान संघांना हात मिळतो. पण काही संघ ते पैसे खेळाडूंवर नीट खर्च करत नाहीत, अशी तक्रार २०१८ साली खेळाडूंच्या संघटनेनं चार संघांविरुद्ध केली होती. म्हणजे दोष फक्त उधळणाऱ्याचा नाही, मुठी आवळून बसणाऱ्याचाही असतो!

मग माझं मत काय? श्रीमंत संघांनी जरूर खर्च करावा. खेळाडूच्या कष्टाचं मोल त्याला मिळावं. फ्लडनं सोसलं ते याचसाठी. पण आधी घरचे खेळाडू घडवावेत, मग कमी असेल तेवढंच बाहेरून आणावं. आणि श्रीमंतांच्या कमाईतून लहान गावांच्या संघांना वाटा मिळावा, तोही मैदानावरच खर्च व्हावा. कारण समोर खेळायला कोणी उरलंच नाही, तर जिंकणार कोणाशी? पैशानं परीक्षेचा अर्ज भरता येतो, अगदी चांगली शिकवणीही लावता येते. डॉजर्स २०१३ पासून २०२५ पर्यंत दरवर्षी अंतिम टप्प्यात पोचले, ते काही पैशाशिवाय नाही. पण पेपर लिहायचा तो ज्याचा त्यानंच!

आता तुमचा गृहपाठ.

१) ओहतानीनं ठरलेले पैसे दरवर्षी सारखे घेतले असते, तर वर्षाला किती मिळाले असते? तो वीस लाखच घेतो, म्हणजे दरवर्षी किती मागं ठेवतो?

२) आई-बाबांना विचारा : आजचे शंभर रुपये आणि दहा वर्षांनी मिळणारे शंभर रुपये, यांत जास्त मोलाचे कोणते? का?

३) तुमच्याकडे १० कोटी डॉलर आहेत आणि नऊ खेळाडू हवे आहेत. एकावर सात कोटी लावाल की सगळ्यांना सारखे वाटाल? कारणासहित लिहा. आणि हो, "बाई म्हणतात म्हणून" हे कारण चालणार नाही हं!