बाहुलीच्या घराची खिडकी

बाजारात मिळणाऱ्या बाहुलीच्या घराला गुलाबी छप्पर असते, धुराडे असते आणि भिंतीच्या बरोबर मध्यावर चौकोनी खिडक्या असतात. आमच्या गागोदे बुद्रुकच्या परिसरात असे घर मी एकही पाहिलेले नाही. हे विनोबांचे जन्मगाव. लोक त्यांचे घर पाहायला येतात, फोटो काढतात आणि जातात. घर मोजून मात्र कोणी पाहत नाही. सहावीला गुणोत्तर आणि प्रमाण शिकवताना मी मुलांना हेच काम देते: आपापल्या घराचे एक दार आणि एक खिडकी मोजून आणा, आणि बाराव्या हिश्शाने बनवा.

काही माता विचारतात, बाहुली घरात चालते का? चेहरा असलेल्या बाहुलीबद्दल मतभेद आहेत, हे खरे. पण हजरत आयेशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत असत, हे हदीसमध्ये आले आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात तर वाऱ्याने कोनाड्यावरचा पडदा सरकला आणि त्यांच्या बाहुल्या दिसल्या, असा प्रसंग आहे. त्यांत पंखांचा एक घोडाही होता. ‘घोड्याला पंख?’ या प्रश्नावर त्यांनी हजरत सुलेमान (अलै.) यांच्या घोड्यांची आठवण करून दिली, आणि पैगंबर (स.) मनापासून हसले. दार-खिडकीवर तर कोणाचाच वाद नाही.

बारावा हिस्सा का? एका फुटाला एक इंच, हिशेब सोपा. नवी दिल्लीची रचना करणारे लट्यन्स यांनी इंग्लंडच्या राणी मेरीसाठी बाहुलीघर उभारले, ते १९२४ साली पूर्ण झाले, तेही याच मापाचे. त्यात नळाला पाणी येते. आपल्याला तेवढी हौस नको. आपले दार उघडले आणि लागले म्हणजे पुष्कळ.

जुन्या घराचे दार १६८ सेंटिमीटर उंच आणि ८४ रुंद असेल, तर आपले १४ बाय ७. खरी फळी इंचभर जाडीची, म्हणजे आपल्याला साधारण दोन मिलिमीटर हवी. आइस्क्रीमची चपटी काडी जवळपास तेवढीच असते. काड्या शेजारी शेजारी ठेवून मागून दोन आडव्या पट्ट्या चिकटवायच्या. दोन झडपा करा. चौकट आधी, भिंतीतले भोक नंतर. उलट केले की चौकट बसत नाही आणि मूल रडकुंडीला येते. बिजागरीऐवजी दोन टाचण्या, एक वर, एक खाली, अगदी कडेजवळ. जुनी दारे अशीच फिरत: फळीचे वरचे-खालचे कोंब चौकटीच्या खोबणीत. फिरणारी कड काचकागदाने गोल घासली नाही तर दार अर्ध्यावर अडते. झडप आणि चौकट यांच्यामध्ये लग्नपत्रिकेच्या जाडीइतकी फट ठेवावी. रंग नको, चहाचा गडद काढा दोनदा फिरवला की लाकूड जुने दिसते. खिडकीचे गज झाडूच्या हिरांचे, आठ-आठ मिलिमीटरवर. मिठाईच्या खोक्याचे पारदर्शक झाकण म्हणजे तावदान. (तावदान फारसीतून आले, बिजागरी पोर्तुगिजांकडून. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे मला अशा ठिकाणी थांबल्याशिवाय राहवत नाही.)

वाडीवरून येणारी एक मुलगी दोन दिवस काहीच आणेना. मग म्हणाली, “बाई, आमच्या दाराला चौकट नाही.” तिच्या घराचे दार म्हणजे कारवीच्या काठ्यांचा ताटवा, खांबाला सुंभाने बांधलेला. मी म्हटले, तेच कर. तिने हीर दोऱ्याने विणले आणि दोन फासे देऊन काडीच्या खांबाला अडकवले. वर्गात सगळ्यांत आधी तिचेच दार पूर्ण झाले. टाचणी नाही, खोबण नाही, त्यामुळे ते अडतही नाही. दुपारपर्यंत तिघांनी तिच्याकडून फासा शिकून घेतला.

खिडकीबाबत एक माप मुले हमखास विसरतात: जमिनीपासूनची उंची. हे मला नीट कळले ते रोह्याकडे राहणाऱ्या माझ्या खालांच्या घरी. त्यांचे कौलारू घर पाडून तिथे स्लॅबचे बांधायचे ठरले होते. नातीने नकाशा पाहून नव्या घराचे पुठ्ठ्याचे बाहुलीघर केले, सरकत्या खिडक्यांसह. चिंध्यांची बाहुली तिने जमिनीवर बसवली. खालांनी पुढे वाकून पाहिले आणि विचारले, “हिला बाहेरचं काय दिसतं गं?”

काहीच दिसत नव्हते. खिडकी जमिनीपासून साडेसात सेंटिमीटरवर सुरू होत होती, म्हणजे खऱ्या घरात तीन फुटांवर. जुन्या घराची खिडकी फूटभरावर होती. खाला तिथे चटईवर बसून तांदूळ निवडायच्या, रस्त्यावरून कोण आले-गेले ते पाहायच्या, सलाम घ्यायच्या. आयुष्यभर जमिनीवर बसलेल्या बाईला नव्या घरात समोर फक्त भिंत मिळणार होती आणि नकाशा पाहताना हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्यांच्या मुलाने “अम्मी, खुर्ची घेऊ ना” म्हणून पाहिले. खाला काही बोलल्या नाहीत. नातीने ब्लेड घेतले, पुठ्ठा खाली पाच सेंटिमीटर कापला आणि बाहुली परत बसवली.

गवंडी कुरकुरला, माप बदलले की कटकट वाढते म्हणाला. तरी पुढच्या खोलीची एक खिडकी फुटावर आली. लहान मुलांसाठी तिला गज लावले, खरे, लोखंडी. बाकीच्या तीन नकाशाप्रमाणेच आहेत. जुन्या दाराच्या दोन्ही झडपा खालांनी विकू दिल्या नाहीत; त्या सध्या पडवीत भिंतीला टेकून उभ्या आहेत. नातीने त्यांचीही मापे घेतली आहेत. तिला आता कडी-कोयंड्याची बारीक साखळी हवी आहे, आणि तुटलेल्या माळेतली कडी त्याला चालते.