श्वासाचं प्रिस्क्रिप्शनही लिहा

फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरात पहिला सल्ला मिळतो तो विश्रांतीचा. 'आता पडून राहा, दगदग नको.' माया खरी असते, पण सल्ला चुकीचा. पडून राहिल्याने स्नायू झिजतात, दम आणखी लागतो आणि दमाच्या धास्तीने हालचाल आणखी कमी होते.

पुरावा याच्या उलट बाजूचा आहे. 2022 मध्ये कॉक्रेन संस्थेने 10 चाचण्यांमधल्या 636 रुग्णांचा आढावा घेतला. शस्त्रक्रियेआधी व्यायाम केलेल्यांमध्ये नंतरच्या फुप्फुसांच्या गुंतागुंतीचा धोका निम्म्याहून कमी झाला. रुग्णालयातला मुक्कामही घटला.

यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. नाकाने श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. त्यामुळे श्वासनलिका जास्त वेळ उघड्या राहतात. तीन रंगीत चेंडूंच्या स्पायरोमीटरने खोल श्वासाचा सराव होतो. शस्त्रक्रियेनंतर टाक्यांवर उशी दाबून खोकलं, की वेदना कमी होते आणि कफ सुटतो. जोडीला रोजचं चालणं. सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं, यावरून प्रगती मोजता येते. मात्र सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच हवी. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा थुंकीतून रक्त पडलं, तर लगेच थांबून डॉक्टरांना कळवायला हवं.

ही शिकवणी जिल्हा रुग्णालयांतही मिळायला हवी. तोवर नातेवाइकांनी पुढच्या तपासणीत एक प्रश्न जरूर विचारावा: 'डॉक्टर, व्यायाम कधी सुरू करायचा?'