संकटकाळी नेतृत्वाची कसोटी

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणरायाला निरोप देऊन मराठवाडा नुकताच निजला होता. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी परिसराची धरणी हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंतींची, माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार जीव गेले. देशभरातून मदतीचा ओघ लागला. पाठोपाठ बघ्यांची गर्दीही लोटली. त्यात पावसाने चिता पेटवणेही अवघड केले.

अशा वेळी नेता कोणास म्हणावे? ढिगाऱ्यावर उभे राहून घोषणा करणाऱ्यास, की गर्दी हटवून रुग्णवाहिकेची वाट मोकळी करणाऱ्यास? संकटात माणसे केवळ संकटाने खचत नाहीत. आता काय करायचे, हे कोणी सांगत नाही म्हणूनही खचतात. जो खरी परिस्थिती लपवत नाही आणि प्रत्येक हाताला काम नेमून देतो, त्याच्याभोवती धीर आपोआप गोळा होतो. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसली. घरांच्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ झाल्या. कालचे आपद्ग्रस्त कामाचे वाटेकरी झाले, हे नेतृत्वाचे खरे यश होय.

शेजारच्या नांदेड जिल्ह्याने याच कसोटीची दुसरी बाजू पाहिली आहे. जानेवारी १९४८च्या अखेरीस हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी उमरीची बँक लुटली. स्वामी रामानंद तीर्थ तेव्हा निजामाच्या तुरुंगात होते. रझाकारांची दहशत शिगेला पोहोचली होती आणि हाती लाखोंची रोकड आली होती. मोह पडावा असाच तो प्रसंग. तरीही त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि मुक्तीनंतर तो सादर झाला. डोक्यावर नेता नसताना अनुयायी कसे वागले, यातच त्या नेत्याची उंची दिसते.

आपत्ती शिकवायला थांबत नाही. शिस्त, विश्वास आणि हिशेबाची सवय शांततेच्या दिवसांतच अंगी बाणवावी लागते. गावातील गणेशोत्सवाची वर्गणी चोख सांभाळणारा तरुण उद्या मदतनिधीही चोख सांभाळेल. भूकंपाच्या पहाटे नेता घडत नसतो. तो आधी घडलेला असतो, त्या पहाटे तो फक्त ओळखू येतो.