प्रवासात मोतीही प्रवासीच

मे महिन्याची सुट्टी लागली, की बेळगावातल्या अनेक घरांत एकच प्रश्न निघतो. गोव्याला जाऊया खरं, पण कुत्र्याचं काय? पूर्वी शेजारी भाकरी घालायचे. आता शेजारीही सुट्टीवर! त्यामुळे आमच्या घरी मोतीची गणना प्रवाशांतच होते. आणि प्रवासी म्हटला, की त्याची सोयही बघायला हवी.

चोर्ल्याच्या घाटात माणसांना मळमळतं, तसंच कुत्र्यांनाही. म्हणून निघण्यापूर्वी तीन-चार तास मोतीला जेवण नाही. पाणी मात्र थोडं थोडं. "पोराला उपाशी कशाला ठेवतोस?" असं आई दरवेळी म्हणते. पण भरल्या पोटी वळणं सोसत नाहीत. नव्या कुत्र्याला आठवडाभर आधीपासून पिरनवाडीपर्यंतच्या छोट्या फेऱ्यांची सवय लावावी.

जागा मागच्या सीटवर. गळ्यातला पट्टा गाडीला बांधू नये, ब्रेक लागला की मानेला हिसका बसतो. छातीभोवती बसणारा हार्नेस घेऊन तो सीटबेल्टला अडकवावा. खिडकीतून डोकं बाहेर काढलेलं कुत्रं दिसतं छान, पण धूळ आणि खडे त्याच्या डोळ्यांत जातात.

आता भाषेचा प्रश्न! आमच्या सौभाग्यवतींचं माहेर धारवाडचं. त्या मोतीला 'निल्लु' म्हणतात, मुलं 'थांब' म्हणतात. घरी हे चालतं. पण घाटात दार उघडताच माकडांमागे उडी घेऊ पाहणाऱ्या कुत्र्याला दोन हुकूम कसे कळावेत? म्हणून गाडीपुरता 'निल्लु' हा एकच शब्द आम्ही ठरवला. आणि साखळी गाव येण्याची वाट न बघता, दार उघडण्याआधीच साखळी हातात!

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बंद गाडी. "पाच मिनिटांत येतो" म्हणून मंडळी हॉटेलात शिरतात आणि कुत्रं आत राहतं. बाहेर २४ अंश असले, तरी उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंशांच्या आसपास तापमान जातं. काच दोन बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग थंड करतं. आतली हवाच तापली, की धापांचाही उपयोग उरत नाही. सावलीचा भरवसा धरू नये, ती सरकते.

जोरजोरात धापा, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या अशी चिन्हं दिसली, तर त्याला सावलीत न्यावं, अंगावर साधं थंड पाणी ओतावं, वारा घालावा आणि तडक जनावरांचा डॉक्टर गाठावा. अशा वेळी उशीर जिवावर बेततो.

गाडीच्या कागदांसोबत रेबीजच्या लसीचं कार्ड ठेवावं, पाण्याची बाटली आणि वाडगा घ्यावा, दर दोन तासांनी त्याला पाय मोकळे करू द्यावेत. बाकी आमचा नियम सोपा आहे. चहाला थांबलो, की एकाने मोतीसोबत झाडाखाली उभं राहायचं. दुसरा बाहेर आला, की मग त्याने चहा प्यायचा. थोडा निवलेला असतो, एवढंच.